गाणं चार मिनिटांचं, समुद्र सहा तासांचा

गेल्या डिसेंबरात माझी भाची म्हापशाहून आमच्याकडे पेडण्याला आली होती. गोव्याच्या उत्तर टोकाला केरीच्या किनाऱ्यावर एका गाण्याचं शूटिंग चाललं होतं आणि प्लेबॅकचं, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेलं गाणं तिथे लावायचं, काम माझ्याकडे होतं, म्हणून तिलाही गाडीत घातलं. नववीत आहे. सुरूच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून तिनं तीन तास सगळं बघितलं आणि परत येताना तोंड फुगवून बसली.

"काय गो, काय झालं?"

"मामा, ही फसवणूक. ती गात नव्हती, तो गात नव्हता, वाजवणारा तर एकही नव्हता. गाणं मधूनच लावता, मधूनच तोडता. शेवटचं कडवं पहिलं केलंत. आणि दुपारी तर तुझ्या स्पीकरातून उंदीर गात होता."

सगळे आरोप खरे होते. त्या संध्याकाळी ओट्यावर बसून तिला जे समजावलं, तेच इथे जरा नीट लावून लिहितो आहे. उंदराचंही सांगतो, पण थोडं पुढे.

आमचा धंदा मूळचा माईकचा. वडील जत्रेला, दशावताराला, भजनी सप्त्याला लाऊडस्पीकर पुरवायचे. दशावतारात नट स्वतः गातो. गाता गाता त्याला वाटलं की लोक रंगलेत, तर तो तीच ओळ आणखी दोनदा घेतो, पेटीवाला आणि पखवाजवाला त्याच्या तोंडाकडे बघत मागोमाग जातात. तिथे गाणं नटाच्या ताब्यात. सिनेमाचं गाणं कुणाच्याच ताब्यात नसतं. ते महिनाभर आधी स्टुडिओत रेकॉर्ड झालेलं असतं, समजा बरोबर ४ मिनिटं. किनाऱ्यावर कितीही बहार आली तरी ते ४ मिनिटं १ सेकंद होत नाही. आणि त्याच्यासमोर समुद्र असतो, ज्याची भरती-ओहोटी साधारण सव्वासहा तासांनी पालटते आणि रोज ५० मिनिटं उशिरा येते. ही दोन घड्याळं एकमेकांची पर्वा करत नाहीत. पडद्यामागे जी दीडशे माणसं घाम गाळताना दिसतात, ती बहुतेक या दोन घड्याळांची गाठ मारत असतात.

पूर्वी असं नव्हतं. १९३१ साली 'आलम आरा' आला तेव्हा नट कॅमेऱ्यासमोर खरंच गात आणि वाजवणारे झाडाआड, पडद्याआड लपून बसत. दुसऱ्या वर्षी आलेल्या 'अयोध्येचा राजा' या पहिल्या मराठी बोलपटातही तीच पद्धत. अशा पद्धतीनं समुद्रकिनारी गाणं करायचं म्हणजे गाज, वारा, कावळे आणि नारळाच्या झावळ्या यांच्यासकट सगळं एकाच माईकात घ्यायचं. १९३५ च्या 'धूप छाँव'पासून आधी गाणं रेकॉर्ड करायचं आणि मग ते लावून नटानं ओठ हलवायचे, ही पद्धत आपल्याकडे आली. तिलाच प्लेबॅक म्हणतात. गाणं स्टुडिओच्या चार भिंतींतून सुटलं आणि डोंगरावर, होडीत, बेटावर जाऊ शकलं ते यामुळेच.

हॉलिवूडनंही तेच केलं. १९५८ चा 'साउथ पॅसिफिक' हा संगीतपट हवाईतल्या कवाई बेटावर चित्रित झाला. त्याचा नायक रोझानो ब्राझी पडद्यावर गाताना दिसतो, पण गळा ऑपेरा गायक जॉर्जो टोझी यांचा. याहून गंमत म्हणजे जुआनिता हॉल या अभिनेत्रीनं यातली आपली भूमिका आधी ब्रॉडवेच्या रंगभूमीवर स्वतः गाऊन गाजवली होती, तरी सिनेमात तिच्या ओठांवर आवाज ठेवला म्युरिअल स्मिथचा. भाचीला म्हटलं, फसवणूक म्हण, पण जगभर चालते ती.

आता माझ्या कामाकडे येतो. जुनी माणसं अजून प्लेबॅकच्या मशीनला "नागरा" म्हणतात. नागरा ही स्विस कंपनीची टेप मशीन. तिचा वेग इतका पक्का की गाणं दहाव्यांदा लावलं तरी फ्रेमभरही इकडेतिकडे होत नसे. आता लॅपटॉप आला, पण मशीन मागच्या माणसाला हाक मारायची ती नागरा म्हणूनच. डान्स मास्टर ओरडतात, "नागरा, दुसरा अंतरा, दोन ओळी आधीपासून!" आणि मी लावतो.

हे सोपं वाटतं. खोलीत असतं तर सोपंच होतं. किनाऱ्यावर पहिला शत्रू म्हणजे अंतर.

आवाज आपल्या उकाड्यात सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. म्हणजे ३५ मीटर जायला त्याला सेकंदाचा दहावा भाग लागतो. सिनेमात एका सेकंदात २४ चित्रं, म्हणजे २४ फ्रेम असतात. म्हणजे स्पीकरपासून ३५ मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला गाणं जवळजवळ अडीच फ्रेम उशिरा ऐकू येतं. शंभर मीटरवर उभं केलं तर सात फ्रेम. तो बिचारा ऐकतो तसा ओठ हलवतो, म्हणजे ओठही सात फ्रेम उशिरा.

आता यात एक बारीक मेख आहे. एडिटिंगच्या टेबलावर मूळ गाणं त्या चित्रावर बसवलं की आवाज आधी आणि ओठ मागून, असं दिसतं. माणसाच्या मेंदूला हे अजिबात खपत नाही. याच्या उलट चालतं. लांबवर कुणी धोंड्यावर कपडे आपटत असेल तर हात खाली आलेला आधी दिसतो, धप् मागून ऐकू येतं. जन्मापासून आपण हेच बघत आलो, म्हणून आवाज उशिरा आला तर मन माफ करतं, अगदी तीन फ्रेमपर्यंत. पण आवाज आधी आला तर एका फ्रेममध्येच काहीतरी चुकतंय असं वाटायला लागतं. काय चुकतंय ते प्रेक्षकाला सांगता येत नाही. तो फक्त म्हणतो, "हिरोईनला गाता येत नाही."

मग एडिटरनं चित्र सात फ्रेम पुढे सरकवलं तर? एकटी नटी एका जागी उभी असेल तर जमतं. पण किनाऱ्यावर कुणी एका जागी उभं राहतं का? ती लांबून पळत पळत कॅमेऱ्याकडे येते. सुरुवातीला सात फ्रेमचा उशीर, मध्यावर तीन, जवळ आल्यावर शून्य. कुठल्या आकड्यानं सरकवणार? नाचणाऱ्यांची रांग पाण्याच्या कडेनं लांबवर उभी केली तर आणखी पंचाईत. मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं असेल तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे १२ फ्रेमचा. स्पीकरजवळचा मुलगा ठोक्यावर हात वर करतो आणि शंभर मीटरवरचा त्याच्यामागून अर्ध्याहून जास्त ठोका चुकून. मास्टर त्या शेवटच्या मुलाला शिव्या घालतात. त्याची काही चूक नसते, तो अगदी तालात असतो, फक्त त्याचा ताल लांबून आलेला असतो.

उपाय दोन. एक, स्पीकर माणसांजवळ न्यायचे: उपड्या होडीच्या आड, जाळ्यांच्या ढिगात, नारळाच्या बुंध्यामागे, आणि त्यांना गाणं वायरनं किंवा रेडिओनं पोचवायचं. विजेला आणि रेडिओला तेवढ्या अंतरात उशीर होत नाही. दोन, नटीच्या कानात वाटाण्याएवढा रिसीव्हर बसवायचा, केस मोकळे सोडून तो झाकायचा. किनाऱ्यावरच्या गाण्यात केस मोकळे सोडण्यामागे वारा हे एकच कारण असतं असं समजू नका.

दुसरा शत्रू वारा. केरीला दुपारी बारानंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि पाचपर्यंत दम खात नाही. माणसं पाण्याजवळ, मशीन सुरूच्या बनात, म्हणजे आवाजाला वाऱ्याच्या तोंडावर जायचं. लोक समजतात की वारा आवाज मागे ढकलतो. तसं होत नाही, आवाजाच्या मानानं वाऱ्याचा वेग काहीच नसतो. होतं असं की वाळूलगत वारा मंद असतो आणि वर जोराचा. त्यामुळे वाऱ्याविरुद्ध जाणारा आवाज वरच्या बाजूला वाकतो आणि माणसांच्या डोक्यावरून निघून जातो. जत्रेत वडिलांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. ते कर्णा नेहमी झाडावर उंच बांधायचे आणि वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूला बांधायचे. मी शूटिंगला तेच करतो, शक्य असेल तिथे स्पीकर पाण्याच्या बाजूला ठेवतो. पाण्याच्या बाजूला ठेवण्यातला धोका तुमच्या लक्षात आलाच असेल.

आता उंदीर.

पडद्यावर नटी गाते, ओठ गाण्याशी जुळलेले, पण तिची ओढणी सावकाश उडते, लाट आळसावून फुटते, पाण्याचे थेंब हवेत लटकतात. हे कसं होतं? लाट स्लो मोशनमध्ये घ्यायची तर कॅमेरा सेकंदाला २४ ऐवजी ४८ फ्रेम टिपतो. त्या पुन्हा २४ च्या वेगानं दाखवल्या की सगळं निम्म्या वेगानं घडताना दिसतं. पण मग ओठही निम्म्या वेगानं हलणार आणि गाणं पुढे निघून जाणार. म्हणून शूटिंगच्या वेळी गाणंच दुप्पट वेगानं लावायचं. नटीनं दुप्पट वेगानं ओठ हलवायचे. पडद्यावर तिचे ओठ पुन्हा मूळ गाण्याच्या वेगावर येतात, समुद्र मात्र संथ होतो. समुद्राला आपण दुप्पट वेगानं वागायला सांगितलेलं नसतं ना.

गाणं दुप्पट वेगानं लावलं की स्वर एक सप्तक वर चढतो. म्हणून उंदीर. आताच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग वाढवूनही स्वर तसाच ठेवता येतो, पण त्यात तबल्याचे आणि शब्दांचे खटके थोडे पुसट होतात, आणि नाचणाऱ्याला स्वरापेक्षा खटका महत्त्वाचा. म्हणून मी उंदीर होऊ देतो. सगळे हसतात. चौथ्या टेकला कुणी हसत नाही, कारण चार मिनिटांचं गाणं दोन मिनिटांत गायल्याचं सोंग करणं, तेही उन्हात, चेहऱ्यावर विरहाचा भाव ठेवून, हे काम किती अवघड आहे ते तोवर कळलेलं असतं. नटनट्यांबद्दल माझं मत एरवी फार चांगलं नाही, पण या एका कामासाठी मी त्यांना मानतो. पडद्यावर जो हळुवार कटाक्ष दिसतो तो प्रत्यक्षात झटका असतो. ३६ फ्रेमला गाणं दीडपट लावतात, ते जरा सुसह्य.

भाचीचा पुढचा प्रश्न होता तुकड्यांचा. इथे मला जरा मागे जाऊन आमच्या गोंयकारांचं कौतुक करायचं आहे. मुंबईच्या सिनेसंगीतात वाद्यवृंदाची मांडणी करणारे कितीतरी जण गोव्याचे: शंकर-जयकिशनकडचे सेबॅस्टियन डिसोझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, हळदोण्याचे चिक चॉकलेट. चर्चच्या शाळेत लहानपणीच स्वरलिपी शिकलेली ही माणसं. संगीतकारानं पेटीवर गुणगुणलेली चाल ते कागदावर मात्रामात्रांत उतरवत, तेव्हा पन्नास वादक एका वेळी वाजवू शकत. गाणं मोजलं गेलं ते तिथेच. आणि मोजलेल्या गाण्याचेच तुकडे पाडता येतात. मिनिटाला १२० ठोके, चार मिनिटं, म्हणजे ४८० ठोके. नाचाचा हिशेब आठाचा, म्हणजे साठ आठे. मास्टरांच्या वहीत गाणं म्हणजे हे साठ आठे असतात. कुठला आठा कुठल्या जागी, कुठल्या कपड्यात, कुठल्या उजेडात घ्यायचा ते समोर लिहिलेलं. वही बघितली तर किराणा दुकानाची उधारी वाटेल.

तो क्रम गाणं ठरवत नाही. सूर्य ठरवतो.

गोव्याचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य आपल्या पाठीमागून, माडांवरून येतो. नटी समुद्राकडे पाठ करून उभी राहिली की तिच्या तोंडावर ऊन आणि मागे निळा समुद्र स्वच्छ दिसतो. दुपार टळली की सूर्य समुद्राच्या बाजूला जातो. आता तीच नटी तिथेच उभी राहिली तर तोंड काळवंडतं आणि मागचं पाणी डोळे दिपवतं. मग चांदीच्या कागदाचे रिफ्लेक्टर आणि थर्माकोलचे पांढरे पत्रे घेऊन लाइटमन धावतात. मधल्या दोन तासांत काहीच धड होत नाही. डिसेंबरात निदान सूर्य भर दुपारीही ५१ अंशांवर, म्हणजे कलताच असतो. मेच्या सुरुवातीला तो आपल्या बरोबर डोक्यावर येतो आणि भुवयांची सावली डोळ्यांच्या खोबणीत पडून हिरो चार दिवस झोपला नसावा असा दिसतो. म्हणून ज्यांत कॅमेरा समुद्राकडे बघतो ते सगळे आठे सकाळी, गाण्यात ते कुठेही असोत. माडांकडे बघणारे दुपारी. आणि सूर्यास्ताचे सूर्यास्ताला.

सूर्यास्ताची गंमत अशी की आपल्याकडे तो फार थोडा वेळ टिकतो. उष्ण कटिबंधात सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो. क्षितिजाला टेकलेलं बिंब सव्वादोन मिनिटांत गायब, आणि त्यानंतर चित्र घेण्याजोगा उजेड फार तर वीस-बावीस मिनिटं. युरोपात उन्हाळ्यात हाच संधिप्रकाश तासाला टेकतो. त्या वीस मिनिटांत किती आठे होतील? मास्टर म्हणतात सहा. होतात तीन. उरलेल्यांसाठी उद्या पुन्हा सगळे त्याच कपड्यांत, त्याच जागी.

आणि उद्या जागा तीच असते का? इथे समुद्राचं घड्याळ आडवं येतं.

आमच्याकडे जुने खलाशी आणि रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे मासेमार, भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळीही. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. हिशेब अंदाजाचा आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण चुकत नाही. आता यावरून ओहोटी काढा. पौर्णिमेला सव्वाअकराला भरती, म्हणजे त्यानंतर सहा तासांनी, साडेपाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास नेमकं सूर्यास्ताला पाणी सगळ्यात मागे गेलेलं असतं. शिवाय ते दिवस उधाणाचे, पाणी जितकं वर चढतं तितकंच लांब हटतं. मागे उरते ती ओली, गुळगुळीत वाळू, आरशासारखी, तिच्यात अख्खं आकाश उतरलेलं. गाण्यांत नाचणाऱ्यांची उलटी प्रतिबिंबं दिसतात ना, ती अशा चार-पाच दिवसांतली असतात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी फार चढत नाही, पण संध्याकाळी सहाला ते नेमकं वर असतं. वाळूची चिंचोळी पट्टी उरते आणि तीही कोरडी, पायांनी तुडवलेली.

हे मला तोंडपाठ असूनही एकदा मी खड्ड्यात पडलो. पौर्णिमेचा दिवस होता. सकाळी आठ वाजता पाणी लांब दिसलं म्हणून दोन स्पीकर ओल्या वाळूच्या कडेला मांडले. पहिला शॉट साडेनऊचा. वाड्यावरचा एक म्हातारा रापणकार जाता जाता म्हणाला, "बाबा, पाणी आता धावतलें." मी मान डोलावली आणि वायरी जोडत बसलो. भरती सहा तास सारख्या वेगानं चढत नाही. पहिल्या तासात बारा भागांतला एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मी भरती होऊन जाते. सव्वापाचला ओहोटी होती, म्हणजे सव्वासात ते सव्वानऊ हे नेमके धावण्याचे तास. उधाणाला आपल्याकडे पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं, त्यातलं निम्मं म्हणजे एक मीटर. किनाऱ्याचा उतार पन्नासाला एक असेल तर एक मीटर उंचीसाठी पाणी पन्नास मीटर आत येतं. आलं. एक स्पीकर वाचला, दुसऱ्याच्या पोटात अजून मीठ असेल. म्हातारा परत येताना काही बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं.

दोन दिवसांचे तुकडे जोडताना हेच पाणी कंटिन्युइटीवाल्या, म्हणजे एक शॉट दुसऱ्याशी जुळतो का ते बघणाऱ्या, पोरीचा जीव काढतं. सोमवारी पाच वाजता घेतलेल्या शॉटमध्ये मागच्या खडकाचं फक्त टोक दिसत असेल, तर मंगळवारी तसंच टोक पावणेसहाला दिसणार. पण तेव्हा उजेड वेगळा. पाणी जुळवायचं की ऊन? बहुतेक वेळा ऊन जुळवतात आणि खडक फ्रेमबाहेर ठेवतात. पावलांचे ठसेही तसेच. नायिका "निर्जन" किनाऱ्यावर चालते तेव्हा तिच्याआधी तिथून साठ माणसं गेलेली असतात. दर टेकनंतर गावातली पोरं दाताळं घेऊन वाळू सारखी करतात. ओल्या वाळूत मात्र दाताळं फिरवलं की रेघा उठतात, तिथे लाटेची वाट बघत बसण्याशिवाय इलाज नाही.

निर्जन बेटाचंही तेच. गोव्यात बेटं आहेत, पण बरीचशी नदीतली. दिवाडी आणि चोडण ही मांडवीतली भरल्या घरांची बेटं, फेरीबोटीनं जायचं, काठाला वाळू नाही, खारफुटी आणि खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेती. पाळोळ्याच्या उत्तर टोकाला काणकोणचं छोटं बेट आहे, ओहोटीला तिथे चालत जाता येतं आणि भरती लागली की युनिट तिकडेच अडकतं. म्हणून पडद्यावरचं बेट बहुधा बेट नसतं. कॅमेरा खाली ठेवून, एका बाजूला सुरूचं बन घेऊन दुसरी बाजू कापली की झालं बेट. केरीला समोर तेरेखोलचा किल्ला दिसतो, तेवढा लपवावा लागतो. मी स्वतः अशा तीन बेटांवर काम केलंय जिथे मागे पंचवीस पावलांवर चहाची टपरी होती.

परवानग्यांचं थोडक्यात. गोव्यात चित्रीकरणासाठी गोवा मनोरंजन संस्थेकडे एक खिडकी आहे, पण नदीत होडी घालायची तर बंदर कप्तान, अभयारण्याजवळ वनखातं, ड्रोनसाठी विमान वाहतुकीचे नियम, असं प्रत्येकाचं दार वाजतंच. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात, तिथे रात्री दिवे लावून नाच घालता येत नाही आणि ते बरंच आहे. अंड्यातून निघालेलं पिल्लू उजेडाच्या दिशेनं समुद्र शोधतं. त्याला आमच्या लाइटच्या मागे लावून जमिनीकडे पाठवण्याएवढं कुठलंच गाणं मोठं नाही.

राहिला रंग. गाण्यातला समुद्र हिरवा-निळा दिसतो आणि तुम्ही गेलात की राखाडी. यात थोडी लबाडी आहे, पण सगळी नाही. पाण्याच्या वरच्या थरावरून आकाशाचा चकाका परत येतो, त्याखाली खरा रंग झाकला जातो. लेन्ससमोर पोलरायझर नावाची काच फिरवली की तो चकाका गळतो आणि खालचं पाणी दिसतं. मासे पकडणारे काही लोक तसलेच चष्मे घालतात. बाकीचं काम आता शूटिंगनंतर कॉम्प्युटरवर होतं. पूर्वी ते बरंचसं जागेवरच करावं लागे, आणि त्यातून झालेली घोडचूक म्हणजे तोच 'साउथ पॅसिफिक'. दिग्दर्शक जोशुआ लोगन नाटकवाले. रंगमंचावर गाणं सुरू झालं की दिवे बदलतात, तसं काहीतरी त्यांना सिनेमात हवं होतं. म्हणून लिऑन शॅमरॉय या नामांकित छायालेखकानं गाण्यांच्या वेळी लेन्ससमोर रंगीत काचा लावल्या. लोगनना सांगितलं गेलं होतं की रंग नको वाटला तर पुढे प्रयोगशाळेत काढता येईल. प्रदर्शनाची तारीख डोक्यावर आली, काढायला वेळच उरला नाही, आणि कवाईचं एवढं सुंदर आकाश गाणं सुरू झालं की अचानक पिवळंजर्द नाहीतर जांभळं व्हायचं. टीकाकारांनी धू धू धुतलं, लोगनना आयुष्यभर त्याची चुटपुट लागली. ऑस्कर मिळालं ते ध्वनीला. आमच्या खात्याला मिळालं म्हणून मी हे मुद्दाम सांगतोय.

ध्वनीचंच शेवटचं सांगतो, कारण भाचीनं तेही विचारलं. किनाऱ्यावर माईक असतो तो फक्त जुळवणीसाठी, त्यातला आवाज पडद्यापर्यंत पोचत नाही. नंतर मिक्सिंगच्या वेळी गाण्याच्या सुरुवातीला एक गाज, मधल्या संगीतात बांगड्यांची किणकिण, पायाखालची ओली वाळू, हे सगळं बंद खोलीत बसून घालतात. त्यातली लाट कुठल्या समुद्राची आहे ते कुणाला ठाऊक नसतं.

मार्चमध्ये ते गाणं आलं. भाचीनं ते फोनवर चौदा वेळा बघितलं असेल. मागच्या रांगेतला डावीकडून शेवटचा मुलगा मुखड्यात जरासा मागे आहे, हे तिनं मला दाखवलं. माझ्या लक्षात आलं नव्हतं. तो शॉट घेताना त्या बाजूचा स्पीकर मी वाऱ्यामुळे बंद केला होता.

सुट्टीत ती पुन्हा आली तेव्हा जेवताना एका प्रॉडक्शनवाल्याचा फोन आला. हरमलच्या किनाऱ्यावर एक गाणं, संध्याकाळचा शॉट, ओल्या वाळूत प्रतिबिंब हवंय, तारीख पक्की आहे, हिरोकडे तेवढा एकच दिवस मोकळा आहे. मी तारीख मोठ्यानं म्हटली. भाचीनं हात न धुताच उठून भिंतीवरची दिनदर्शिका बघितली आणि बोटांवर काहीतरी मोजलं.

"नवमी, मामा. पावणेसात. त्यांना सांग, हिरो मिळेल, वाळू मिळायची नाही."